फिल्म सिटीच्या आधी डबे शोधा

प्रति,
मा. संचालक, संस्कृती विभाग, छत्तीसगड शासन
मा. अध्यक्ष, छत्तीसगड चित्रपट विकास निगम
मा. व्यवस्थापकीय संचालक, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ (पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी)

सन्माननीय महोदय आणि महोदया,



१ जानेवारी २०२६ रोजी छत्तीसगडी भाषेतला पहिला चित्रपट आपल्या सगळ्यांच्या मालकीचा झाला. मनू नायक यांचा ‘कहि देबे संदेस’ १९६५ साली पडद्यावर आला होता. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो, आणि ती साठ वर्षं ३१ डिसेंबर २०२५ ला भरली. चित्रपटाची प्रत काढायला, तो चौकात दाखवायला, इंटरनेटवर ठेवायला आता त्याच्या निर्मात्याची परवानगी लागत नाही. गीतकार-संगीतकारांच्या हक्काची गोष्ट वेगळी, तिच्याकडे मी पुढे येतो. पण हक्क मोकळा झाला म्हणून चित्रपट आपोआप हाती येत नाही. हक्क कागदावर असतो, चित्रपट डब्यात. त्या डब्यांबद्दल हे पत्र आहे.

मी गुढियारीत राहतो. रायपूर स्टेशनाच्या पलीकडचा हा भाग, घाऊक बाजाराचा, गोदामांचा. पत्र मराठीत का, असं आपल्यापैकी दोघांना तरी वाटेल. हिंदी प्रत सोबत जोडली आहेच. पण ज्या संग्रहालयाकडून मला सर्वाधिक अपेक्षा आहे ते पुण्यात आहे, आणि जे डबे शोधायचे आहेत त्यांतले बरेचसे, असतील तर, मराठी मुलखात असणार. का, तेही सांगतो.

आधी त्या चित्रपटाविषयी. मनू नायक रायपूरजवळच्या कुर्रा गावचे. मुंबईत महेश कौल आणि पंडित मुखराम शर्मा यांच्या ‘अनुपम चित्र’मध्ये ते काम करत होते. ‘गंगा मैया तोहे पियरी चढ़इबो’ या पहिल्या भोजपुरी चित्रपटाचं यश ताजं होतं. भोजपुरीत होतं तर छत्तीसगडीत का नाही, एवढ्या एका हिशेबावर त्यांनी उडी घेतली. चित्रीकरण पलारी गावात झालं. गीतं डॉ. हनुमंत नायडू यांची, संगीत मलय चक्रवर्ती यांचं. गायला मोहम्मद रफी, मन्ना डे, महेंद्र कपूर, मीनू पुरुषोत्तम आणि आपल्या सुमन कल्याणपूर. ज्या भाषेला तोवर सिनेमाच नव्हता, तिच्यासाठी मुंबईचे हे सगळे गळे एका नवख्या निर्मात्याच्या शब्दावर माइकसमोर उभे राहिले. कथा ब्राह्मण मुलगी आणि दलित मुलगा यांच्या प्रेमाची. व्हायचा तो गदारोळ झालाच. रायपुरात पोस्टर लागूनही चित्रपट लागेना, तो आधी दुर्गला झळकला. तेव्हाच्या माहिती व नभोवाणी मंत्री इंदिरा गांधी यांनी चित्रपटाची बाजू घेतली तेव्हा कुठे विरोध निवळला. १९६५ सालच्या मध्यप्रदेशात हा विषय घेऊन कर्ज काढून चित्रपट करणं म्हणजे काय, हे ज्यांना जातीचं गाव माहीत आहे त्यांना सांगायला नको.

यानंतर सहा वर्षांनी, १९७१ मध्ये, विजयकुमार पांडे यांचा ‘घर द्वार’ आला. दिग्दर्शन निर्जन तिवारी, संगीत जमाल सेन, गीतं हरि ठाकूर यांची, आणि इथेही रफी. मग थेट २००० साली सतीश जैन यांचा ‘मोर छंइहा भुंइया’. म्हणजे राज्य जन्माला येईपर्यंतचा छत्तीसगडी सिनेमा एका हाताच्या बोटांवर मोजून होतो. दोन-तीन चित्रपट सांभाळायचे होते. हे काम फार मोठं होतं असं कुणी म्हणू नये.

आता आपल्याच कागदपत्रांतले दोन आकडे. केंद्राने २०२४ मध्ये रायपूरच्या फिल्म सिटीसाठी ९५.७९ कोटी रुपये मंजूर केले. आणि राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानात सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटींची घोषणा २०२२ मध्ये झाली. फिल्म सिटीला माझा विरोध नाही. पोरांना काम मिळेल, हॉटेलं चालतील. पण त्या २,२०० च्या यादीत छत्तीसगडी किती, आणि फिल्म सिटीच्या आराखड्यात थंड, कोरडी, रिळं ठेवण्यालायक एक तरी खोली आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरं मला आपल्या कार्यालयांकडून लेखी हवी आहेत. नवा रायपूरमध्ये पाहुण्यांना पहिल्या छत्तीसगडी चित्रपटाचं पोस्टर भिंतीवर दाखवायचं आणि चित्रपट दाखवायची वेळ आली की मोबाइल पुढे करायचा, असं व्हायला नको.

मोबाइलवरून आठवलं. या विषयावर कुठल्याही कचेरीत बोलायला जा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘यूट्यूबवर आहे की!’ असेलही. जुन्या प्रादेशिक चित्रपटांच्या ज्या प्रती तिथे फिरतात त्या नीट बघाव्यात. बहुतेकदा कुणीतरी कधीकाळी टीव्हीवरून टेप केलेली, तिची व्हीसीडी झाली, तिची फाइल झाली. कोपऱ्यात वाहिनीचा शिक्का, चौकोनी चित्र आडवं ताणल्यामुळे नायक बुटका, गाणी मध्येच तुटलेली, सुरुवातीच्या पाट्या गायब. पाट्या गायब म्हणजे लेखक, छायाचित्रकार, संकलक, सगळे गायब. आणि ही प्रतसुद्धा कुणा अनोळखी माणसाच्या मर्जीवर. त्याच्या खात्यावर दोन तक्रारी आल्या की चित्रपट रातोरात नाहीसा. चांगल्या हेतूने चाललेल्या संस्थांचीही शाश्वती नसते. अमेरिकेतल्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’सारख्या प्रचंड संग्रहावर ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ला झाला आणि तो कित्येक दिवस बंद पडला होता.

ऑनलाइन संग्रह हवाच, त्यासाठीच हा खटाटोप. पण ऑनलाइन दिसते ती बघायची प्रत. तिच्यामागे जपायची प्रत नसेल तर ते दुकानाच्या काचेतलं नुसतं रिकामं खोकं. जपायची प्रत म्हणजे काय, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. दोन तासांचा ३५ मिलिमीटरचा चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटी या हिशेबाने १,७२,८०० चौकटींचा होतो. एकेक चौकट फोर-के दर्जाने स्कॅन केली की साधारण पन्नास मेगाबाइट धरा. एका चित्रपटाचे जवळपास नऊ टेराबाइट झाले. हे एका हार्ड डिस्कवर टाकून कपाटात ठेवलं की जपलं, असं होत नाही. डिस्क न वापरताही मरते. डेटा टेपवर निदान दोन प्रती, त्याही दोन वेगळ्या शहरांत, ठरावीक वर्षांनी नव्या टेपवर उतरवणं, आणि मूळ रीळ फेकून न देणं, इतकं सगळं त्यात येतं. शेवटची बाब महत्त्वाची. स्कॅन झालं म्हणून निगेटिव्ह भंगारात घालणारे महाभाग आपल्याकडे झाले आहेत.

दोन शहरं कशाला, असं अर्थखात्याकडून विचारलं जाईल. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि बोलपटांच्या पहिल्या पिढीतली कितीतरी रिळं तिथे राख झाली. आमच्या गुढियारीत एप्रिल २०२४ मध्ये ट्रान्सफॉर्मरच्या भांडाराला लागलेल्या आगीत आकाश दिवसाढवळ्या काळं झालं होतं, आजूबाजूची घरं रिकामी करावी लागली. आग लागायला उन्हाळ्यात रायपुरात फार निमित्त लागत नाही.

आता डबे कुठे शोधायचे ते.

चित्रपट व्यवसायाच्या नकाशात रायपूर अजूनही जुन्या सीमांमध्येच आहे. १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. मध्यप्रांत आणि वऱ्हाड संपला, पण सिनेमाच्या धंद्यात तो ‘सी.पी.-सी.आय.’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस-सेंट्रल इंडिया) सर्किट या नावाने जिवंत राहिला. या सर्किटच्या वितरकांची संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, तिचं मुख्यालय भुसावळला. वितरकांच्या मोठ्या पेढ्या भुसावळ, अमरावती, नागपूर, इंदूरला. प्रिंटच्या पेट्या हावडा मार्गावरच्या गाड्यांत चढायच्या: भुसावळ, बडनेरा, नागपूर, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर. एका टॉकीजमधून उतरलेली प्रिंट दुसऱ्या गावच्या टॉकीजला, आणि घासून घासून पार बाद झाली की परत वितरकाकडे. कागदोपत्री तिथे ती नष्ट करायची. सगळ्यांनी केली नाही. जागा होती त्यांनी ठेवली, जागा हवी झाली तेव्हा विकली. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते, तेवढ्यासाठी विकत घेणारे होते. धुऊन उरलेल्या पट्ट्यांच्या बांगड्याही झाल्या. पुण्याच्या याच संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांच्यावरच्या ‘सेल्युलॉइड मॅन’ या २०१२ सालच्या माहितीपटात हे सगळं आहे, आपण पाहिलाच असेल.

ओळखीच्या एका जुन्या वितरकाच्या गोदामात मी असा डबा उघडताना पाहिला आहे. पत्र्याचं छप्पर, मे महिना, आत उभं राहवत नव्हतं. डब्यावर खडूने चित्रपटाचं नाव आणि रिळाचा आकडा. झाकण गंजून बसलेलं, ते नाण्याने कडेकडेने उचकटावं लागलं. उघडल्याबरोबर व्हिनेगरचा असा भपका आला की वितरकाचा नातू खोकत बाहेर पळाला. ॲसिटेटची फिल्म उष्णतेत आणि दमटपणात सडते तेव्हा तिच्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, त्याचा तो वास. एक रीळ असं झालं की शेजारच्या डब्यालाही लागण होते. फिल्मच्या कडा लाटांसारख्या वाकल्या होत्या. म्हातारबुवांनी, जे तरुणपणी टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, हातभर पट्टी उलगडली आणि बोटाने भोकांवरून चाचपून सांगितलं, ‘आटली आहे. दात्यांवर बसणार नाही.’ पुढे थर एकमेकांना चिकटलेले होते. ओढलं असतं तर चित्राचा थर सालासारखा निघून आला असता. त्यांनी ओढलं नाही, तसंच गुंडाळून ठेवलं. असं आटलेलं रीळ स्कॅन करणारी यंत्रं आज आहेत. ती दात्यांवर न ओढता फिल्म पुढे सरकवतात. हे त्या म्हाताऱ्याला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी हळूच विचारली. हे डबे आहेत असं बाहेर कळलं तर पोलीस येतील का? प्रिंट बाळगायचा हक्क केव्हाच संपलेला, त्यामुळे चोरीचा माल ठेवल्याची धास्ती. या धास्तीने किती डबे रात्री भंगाराच्या हातगाडीवर गेले असतील, कुणास ठाऊक. तेव्हा पहिली विनंती ही: एक जाहीर सूचना काढा. ज्यांच्याकडे जुनी रिळं, निगेटिव्ह, पोस्टर, गाण्यांच्या पुस्तिका आहेत त्यांनी आणून द्याव्यात, कुणालाही ‘कुठून आणलं’ असं विचारलं जाणार नाही, पावती मिळेल, आणि स्कॅनची एक प्रत देणाऱ्याला फुकट मिळेल. ही सूचना रायपूरच्या हिंदी दैनिकांत द्या, तशीच अमरावती, भुसावळ, नागपूर, गोंदियाच्या मराठी दैनिकांतही. पुण्याच्या संग्रहालयाने एक माणूस आणि एक गाडी महिनाभर या मार्गावर पाठवावी. नायरसाहेब असेच फिरत. फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’ची रिळं त्यांनी नाशिकला फाळके कुटुंबाकडून मिळवली, म्हणून १९१९ सालचा तो चित्रपट आज पाहता येतो. दुसरीकडे बाबूराव पेंटर यांचा १९२५ सालचा मूकपट ‘सावकारी पाश’ आपण फक्त पुस्तकांतून वाचतो. शेतकऱ्याच्या कर्जावरचा तो चित्रपट आज विदर्भात दाखवता आला असता.

मुंबईच्या प्रयोगशाळांचं वेगळं प्रकरण आहे. छोट्या निर्मात्यांची निगेटिव्ह बहुधा तिथेच पडून असत. दहा-बारा वर्षांपूर्वी फिल्मवरचं काम आटलं, प्रयोगशाळा एकामागून एक बंद झाल्या आणि निर्मात्यांना निरोप गेले, आपला माल घेऊन जा. मोठ्या बॅनरांनी टेम्पो पाठवले. ज्याने कर्ज काढून एकच चित्रपट केला, ज्याची कंपनीही उरली नाही, त्याच्या पत्त्यावरचं पत्र परत आलं असणार. स्वतंत्र चित्रपट मरतो तो असा. कुणी त्याच्यावर राग धरत नाही, नुसता त्याचा वाली नसतो. म्हणून त्याला सरकारी संग्रहाची गरज ‘शोले’पेक्षा जास्त.

आता थोडं वाटणीबद्दल. मणी कौल यांचा ‘सतह से उठता आदमी’ हा १९८० सालचा चित्रपट गजानन माधव मुक्तिबोध यांच्या लेखनावर आहे. मराठी घरातला हा हिंदी कवी, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले मोठे कवी. गजानन माधवांची अखेरची वर्षं राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवण्यात गेली. चित्रपट उभा राहिला तो मध्यप्रदेश कला परिषदेच्या पाठबळावर आणि कान महोत्सवापर्यंत गेला. तो पैसा अविभाजित मध्यप्रदेशचा होता, म्हणजे त्यात रायपूर-राजनांदगावच्या करदात्याचाही होता. २००० साली राज्याची वाटणी झाली तेव्हा कर्मचारी वाटले, कर्ज वाटलं, फायली वाटल्या. हा चित्रपट कुणाच्या वाट्याला आला? राजनांदगावात मुक्तिबोधांचं स्मारक आहे, तिथे येणाऱ्या मुलांना हा चित्रपट चांगल्या प्रतीत बघता यायला हवा. त्यासाठी भोपाळ आणि रायपूरच्या दोन खात्यांनी एक करार करायचा आहे. दोन्हींच्या दरम्यान एक पत्रव्यवहार, इतकंच काम. असाच धागा उलट्या दिशेनेही आहे. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर १९७१ मध्ये मराठी चित्रपट करणारे सत्यदेव दुबे मूळ बिलासपूरचे. मराठी प्रायोगिक सिनेमाचा आरंभ शोधताना आपल्याला छत्तीसगडात यावं लागतं, याची महाराष्ट्रात फारशी कुणाला आठवण नाही.

कायद्याची सबब पुढे येईल, तिचं उत्तर आताच देतो. ‘घर द्वार’चा हक्क २०३१ अखेर संपेल, तोवर वारसांशी बोलावं लागेल, बोला. ‘कहि देबे संदेस’चा चित्रपट म्हणून हक्क संपला असला तरी गीतकार-संगीतकारांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतात, तेव्हा ऑनलाइन ठेवताना त्यांच्या कुटुंबांना विचारा आणि रीतसर मोबदला द्या. रक्कम फिल्म सिटीच्या भूमिपूजनाच्या मांडवाइतकीही होणार नाही. आणि नुसत्या जतनासाठी तर कायदा स्वतःच वाट काढून देतो: कलम ५२ प्रमाणे, ज्या बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे डिजिटल नसलेली प्रत आधीच आहे त्याला जतनासाठी डिजिटल प्रत करता येते. चित्रपटांचा संग्रह ‘ग्रंथालय’ ठरतो का, यावर वकील वाद घालू शकतील. घालू द्या, तोवर स्कॅन पूर्ण होईल.

मणिपूरचं उदाहरण आपल्या टेबलावर ठेवतो. छत्तीसगडाहून कितीतरी लहान राज्य, अडचणी कमी नाहीत. तिथल्या राज्य चित्रपट विकास संस्थेने फिल्म हेरिटेज फाउंडेशनला सोबत घेतलं आणि अरिबम श्याम शर्मा यांचा ‘इशानौ’ पुन्हा उभा केला. २०२३ मध्ये तो कानच्या अभिजात विभागात दाखवला गेला. केरळच्या अरविंदन यांच्या ‘थंपु’ची तर मूळ निगेटिव्हच उरली नव्हती, पुण्याच्या संग्रहातल्या प्रिंटवरून तो वाचवला. निगेटिव्ह मिळत नाही म्हणून फाइल बंद करायची, हे कारण आता चालणार नाही.

आणि कृपया १९६५ पाशीच थांबू नका. खरा धोका २०१० नंतरच्या चित्रपटांना आहे. फिल्मचा डबा माळ्यावर पन्नास वर्षं पडून राहिला तरी काहीतरी उरतं. कॅमेऱ्यातून थेट डिस्कवर उतरलेला, एका पोराने एडिट करून एका डिस्कवर ठेवलेला छत्तीसगडी चित्रपट ती डिस्क बिघडली की गेला, वाससुद्धा मागे ठेवणार नाही. पुस्तक छापलं की राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत द्यावीच लागते, तो कायदा १९५४ पासून आहे. चित्रपटाला तसं बंधन नाही. आपण दिल्लीची वाट पाहू नका. राज्य चित्रपटांना अनुदान देतं, त्या अनुदानाच्या शेवटच्या हप्त्याला एक अट जोडा: मूळ डिजिटल फाइल, ध्वनिपट वेगळा, पटकथा आणि संपूर्ण श्रेयनामावली संग्रहात जमा झाल्याशिवाय हप्ता नाही.

संकेतस्थळ कसं असावं यावर तज्ज्ञ आहेत, मी फक्त बघणारा. पण गुढियारीत बहुतेक जण सिनेमा फोनवर आणि मोजक्या डेटावर बघतात, तेव्हा हलकी प्रतही ठेवा. जाहिराती नकोत. छत्तीसगडी संवादांखाली हिंदी आणि मराठी उपशीर्षकं द्या, नागपूर-गोंदियाचे लोक आवडीने बघतील. मुंबईत ‘इंडियन सिनेमा’ या ऑनलाइन संग्रहाने २०१३ पासून दाखवून दिलंय की चित्रपटाच्या एकेका दृश्याला अभ्यासक टिपणं जोडू शकतात. तशी सोय ठेवलीत तर पलारीतली म्हातारी माणसं सांगतील की हे कुणाचं अंगण, ही बैलगाडी कुणाची. त्यांतली फार थोडी उरली असतील, म्हणून संकेतस्थळ तयार होण्याआधीच साधं रेकॉर्डिंग करणारी एक जोडी पलारीला पाठवून द्या.

शेवटी आपल्या तिघांकडून मला हवं आहे ते एका पानावर मावेल. ‘कहि देबे संदेस’ आणि ‘घर द्वार’ यांची निगेटिव्ह आणि प्रिंट कुठे आहेत, किती रिळं आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत, त्यांतलं काय स्कॅन झालं, आणि उरलेल्याला कोणत्या महिन्यात हात लागणार. त्यावर सही अधिकाऱ्याची हवी. ते पान आपल्या संकेतस्थळावर लावा आणि गुढियारीच्या पोस्टात मला एक प्रत पाठवा. म्हाताऱ्या वितरकाला मी सांगून ठेवलं आहे की पावतीचा नमुना आला की डबे घेऊन जाऊ. पावसाळा लागायच्या आत आला तर बरं, त्यांचं छप्पर गळतं.

आपला,
गुढियारीतला एक मराठी प्रेक्षक